बेदाण्याचा चौकोनी पाय

“सगळं झ्याक हाय,” बापूसाहेब म्हणाले, “पर नैवेद्य कुठाय?”

कार्यक्रमाचा कागद त्यांच्यापुढं ठेवून मी उभी होते. दोरीनं वर्तुळं मोजणे, दशांशचिन्हापुढचे अंक पाठ म्हणणे, नववीच्या मुलींचं छोटंसं नाटक, असं सगळं मी हौसेनं आखलं होतं. नैवेद्य त्यात नव्हता.

“बापूसाहेब, पाय ही एक संख्या आहे,” मी म्हणाले. “गणितातली. तिचा हा दिवस.”

“व्हय, मग? संक्रांत म्हंजे काय हाय? सूर्याचा दिवस. त्याला तिळगूळ लागतोय का न्हाई? ज्याला नैवेद्य न्हाई, त्याला सण म्हणत न्हाईत मॅडम. त्याला सुट्टी म्हणत्यात.”

शेजारी उभे असलेले आमचे मुख्याध्यापक कुंभोजकर सर इतक्या जोरात मान हलवायला लागले की त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला.

बापूसाहेब शिरतोडे हे आमच्या संस्थेचे चेअरमन. तासगावच्या बाहेर त्यांच्या द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण शाळेवर जीव असा की छपराचा एक पत्रा हलला तरी जीप घेऊन हजर. मी तिथं शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष संपवत होते. मार्चअखेर मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या एका सहीवर होतं. वडील गेल्यापासून आमच्या घरात कमावणारी मी एकटीच. आणि बापूसाहेबांच्या साडूचा मुलगा बी.एससी. बी.एड. होऊन घरी बसला होता, हे शाळेच्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

झालं होतं असं, की बापूसाहेबांचा नातू शर्विल अमेरिकेत असतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर आजोबांना दाखवलं की त्याच्या शाळेत चौदा मार्चला (तिकडं ही तारीख ३.१४ अशी लिहितात) पाय दिवस असतो आणि त्या दिवशी सगळी मुलं एक गोल, भाजलेला, आत गोड सारण भरलेला पदार्थ खातात. बापूसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, आपल्या शाळेतही व्हायला पाहिजे. मला आनंद झाला. गणिताच्या वाट्याला शाळेत कधी हार-तुरे येत नाहीत. पण बापूसाहेबांच्या डोक्यात संख्या आणि पदार्थ यांचं जे लग्न लागलं होतं, ते काही केल्या मोडेना. तिकडं त्या पदार्थालाही पायच म्हणतात, म्हणून ते लोक गमतीनं खातात, हे मी सांगून पाहिलं.

“गमतीनं कोण सगळ्या शाळेला खायाला घालंल?” ते म्हणाले. “त्या पदार्थातच काय तरी आसंल. शर्विलनं दाखीवलं, त्याच्या भोवतीनं मोजायचं, मधनं मोजायचं, आन् भागायचं. तीन आन् वर काय तरी चिल्लर येती. कवाबी मोजा, तेवढंच.”

“ते कुठल्याही गोल वस्तूचं येतं, बापूसाहेब. ताटाचं, बांगडीचं, चाकाचं.”

“ताटाचा सण असतोय का कुठं?”

बाहेर आल्यावर कुंभोजकर सर माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाले, “मॅडम, मार्च आहे.” तो महिनाभर ते मला हेच सांगत होते. मी काही बोलायला तोंड उघडलं की सरांचं सुरू, “मार्च आहे.”

मी फोनमध्ये त्या पदार्थाचा फोटो घेऊन नूरभाईंच्या बेकरीत गेले. नूरभाई अत्तारांची भट्टी म्हणजे अर्ध्या तासगावची भट्टी. दिवाळीच्या आधी गावातल्या बायका मैदा, तूप, साखर डब्यात घालून तिथं रांगेनं बसतात आणि नानकटाई भाजून घेऊन घरी जातात. जिन्नस आपले, भट्टी त्यांची.

नूरभाईंनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

“ही मोठी करंजीच की ओ मॅडम,” ते म्हणाले. “ताटात बसीवलेली. आत काय घालायचं?”

“तिकडं सफरचंद घालतात.”

“तासगावात ऱ्हाऊन सफरचंद? बेदाणं घाला.”

बेदाणे बापूसाहेबांच्या शेडमधून येणारच होते. मैदा आणि तूप आम्ही शिक्षिकांनी घरून आणायचं ठरलं. फक्त एक गोष्ट मी निक्षून सांगितली.

“नूरभाई, गोल पाहिजे हं.”

“गोल?” नूरभाईंनी मला भट्टीचं तोंड दाखवलं. त्यातून आत सरकवायचे पत्रे बाजूला रचलेले होते, चारी बाजूंनी सारखे, एकजात चौकोनी. “गोल पत्रा आत ठिवला तर चार कोपरं मोकळं जात्यात. जळण फुकट. आन् ताटात केलं तर सगळ्या शाळंला कवा पुरायचं? चवीत काय फरक पडतोय का?”

चवीत फरक पडत नव्हता, हे खरंच होतं. माझ्या डोक्यात नाटकाचे कपडे, दोऱ्या, पट्ट्या आणि मार्च असं सगळं चाललं होतं. खायचं एका बाजूला, गणित एका बाजूला, मुलांना मोजायला आपण ताटं देऊ, असा विचार करून मी बरं म्हणाले.

चौदा तारखेला दहावीचा पेपर असल्यामुळं कार्यक्रम दुपारी ठेवला होता, पाचवी ते नववीपुरता. पटांगणात मंडप. आमच्याकडं कुठल्याही कार्यक्रमाची सुरुवात प्रतिमापूजनानं होते. इथं प्रतिमा कुणाची ठेवायची हा प्रश्न कुंभोजकर सरांनी आपल्या पद्धतीनं सोडवला होता. फळ्यावर खडूनं हातभर उंचीचा π काढून त्याला झेंडूचा हार घातला होता आणि पुढं उदबत्ती लावली होती. बापूसाहेबांनी चपला काढून त्याला नमस्कार केला. मग संचालकांनी केला, मग मीही केला.

माझा कार्यक्रम छान झाला. आठवीतल्या एका मुलीनं दशांशापुढचे पन्नास अंक न चुकता म्हटले. मुलांनी ताटं, डबे, सायकलची चाकं मोजली, तीन पूर्णांक एक, तीन पूर्णांक दोन अशी उत्तरं आली. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात बापूसाहेब माइकपाशी आले आणि म्हणाले, “आता मूळ कार्यक्रम.”

नूरभाई आणि शाळेचा शिपाई, दोघांनी दोन बाजूंनी पत्रा धरून व्यासपीठावर आणला. वर सोनेरी पापुद्रा, फटीतून डोकावणारे बेदाणे, तुपाचा वास मंडपभर. मुलं उठून उभी राहिली. बापूसाहेबांनी खिशातून बागेत वापरायची टेप काढली. नातवानं दाखवलं तसं त्यांनी भोवतीनं मोजलं. चारी कडा मिळून आठ फूट भरल्या. मग मधून मोजलं. दोन फूट. त्यांनी ओठ हलवत भागाकार केला, एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा.

“चार!” ते माइकमध्ये म्हणाले. “नुसता चार! वर चिल्लर न्हाई काय न्हाई. अमेरिकंचा तीन येतोय म्हणं. आपला तासगावचा चार आला!”

टाळ्या अशा पडल्या की फळ्यावरचा हार हलला. संचालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक जण म्हणाला, “मातीचा गुण हाय.” दुसरा हळूच म्हणाला, “जनावराला बी चारच असत्यात की,” पण त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. बापूसाहेबांनी मंडपाच्या कडेला कुणाला तरी हात केला आणि मग माझ्याकडं वळले. चेहरा असा फुलला होता की मला त्यांच्याकडं बघवेना.

“मॅडम, तुमी गणिताच्या. बरोबर हाय का न्हाई, सांगा पोरांस्नी.”

माइक माझ्या हातात आला. कुंभोजकर सरांचे ओठ हलले. काय म्हणत होते ते मला ऐकायची गरज नव्हती. समोर पाचवीची मुलं मांडी घालून बसली होती आणि त्यातली तीन-चार जणं मन लावून वहीत चार लिहून घेत होती. मला भीती वाटली. पण ती पोरं लिहीत होती.

“नाही, बापूसाहेब,” मी म्हणाले.

पाचवीच्या पेन्सिली जागीच थांबल्या.

“का न्हाई?”

“हे चौकोनी आहे. तो आकडा गोलाचा असतो.”

“चौकोनी हाय म्हणून काय झालं? वडी चौकोनी असती, बर्फी चौकोनी असती. चौकोनी म्हंजे खायाचं न्हाई?”

“खायचं आहे. त्यावर पाय मोजायचा नाही.”

नववीची पोरं खिदळली. तिथंच घोटाळा झाला. ती हसली नसती तर कदाचित निभावून गेलं असतं. बापूसाहेबांनी टेप गुंडाळली, खिशात घातली, व्यासपीठावरून उतरले आणि एक घासही न खाता जीपमध्ये बसून निघून गेले. आम्ही सगळ्यांनी मग तो पदार्थ मुकाट्यानं वाटला. फार चांगला झाला होता, आणि माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर आले तर भिंतीपाशी शिवा पेंटर ब्रश धुवत बसला होता. आकडा आला की भिंतीवर लिहायचा, असं बापूसाहेबांनी त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. मंडपातून त्यांचा हात हलला आणि तो कामाला लागला. मी माइकवर नाही म्हणाले, ते त्याला कुणी सांगितलंच नाही. लाल ऑइलपेंट, हातभर अक्षरं: तासगावचा पाय = ४.

“काय ओ मॅडम, आकडा ठळक आलाय न्हवं?” त्यानं मला विचारलं.

ठळक आला होता.

पुढचे काही दिवस मी रोज त्या भिंतीसमोरून शाळेत शिरले. सहावीच्या चाचणीत वर्तुळाच्या परिघाचं गणित होतं, त्यात निम्म्या वर्गानं चारनं गुणलं. मी गुण कापले तर एक पालक भांडायला आले. “शाळेच्या भिंतीवर लिहिलंय, मग पोरानं कुणाचं खरं मानायचं?” असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. भिंत पुसायची परवानगी चेअरमनांशिवाय कोण देणार? कुंभोजकर सरांनी तर माझ्याशी बोलणंच कमी केलं. एकदा जिन्यात गाठून म्हणाले, “साडूचा मुलगा काल येऊन गेला. स्टाफरूममधली तुमची खुर्ची कुठली ते विचारत होता.” मी घरी आईला काही सांगितलं नाही. मी कायम झाल्यावर वाटायच्या पेढ्यांचा नुसता विषय निघाला की उठून आत जायची.

मग निरोप आला. बापूसाहेबांनी शेतावर बोलावलंय, एकटीला.

मी गेले तेव्हा ते विहिरीच्या कठड्याला टेकून उभे होते. जुनी, दगडी बांधणीची गोल विहीर. पायाशी दोराचं भेंडोळं आणि तीच टेप. मला बघून त्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही.

“ह्या कठड्याच्या आतल्या कडंनं दोर फिरवून मोजलाय,” ते म्हणाले. “सहासष्ट फूट भरला. आता सांगा, आरपार किती?”

मला वाटलं होतं, घरी पाठवल्याचा कागद हातात देतील. हे अनपेक्षित होतं. मी मनातल्या मनात भागलं.

“एकवीस.”

“हितं उभं ऱ्हाऊन?”

“हो.”

“न मोजता?”

“न मोजता.”

त्यांनी दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते विहिरीला वळसा घालून पलीकडं गेले. सत्तरीचा माणूस, पण दोर असा ताणला की माझे हात पुढं ओढले गेले. त्यांनी बोटानं खूण धरली, परत आले, जमिनीवर दोर पसरून टेप लावली. वाकून आकडा बघितला. टेप सरळ करून पुन्हा बघितला. एकवीसच्या अगदी जवळ, बोटभराचा फरक. मग ते तिथंच जमिनीवर बसले.

“ही हीर माझ्या बापानं खणली,” ते म्हणाले. “मी दगडं वाहिल्यात. त्या वक्ताला बी हा आकडा हितं हुता?”

“होता.”

“कुणी सांगितला न्हाई तरी?”

“तरी होता.”

“आन् अमेरिकेत?”

“तिथंही हाच. चंद्रावर विहीर खणली तरी हाच.”

त्यांनी वाकून विहिरीत बघितलं. मी दोर गुंडाळायला लागले.

“शर्विलला मराठी येत न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “मला विंग्रजी येत न्हाई. दर आयतवारी फोनवर आमी एकमेकांकडं बघतो, हसतो, आन् त्याचा बाप फोन काढून घेतो. त्या दिशी पयल्यांदा पोरानं मला काय तरी शिकीवलं. बशीत तो पदार्थ घिऊन बसला हुता. बोट भोवतीनं फिरीवलं, मग मधनं फिरीवलं, बोटं मोजून तीन दाखीवली. आन् मला समाजलं. दुभाष्याबिगर समाजलं. म्हटलं, चला, एक तरी गोष्ट दोघांस्नी कळती. म्हणून हा एवढा घाट.”

मी दोर खाली ठेवला.

“मग कार्यक्रमाच्या दिशीच त्याला चार बोटं दाखीवली. आमचा चार आला म्हणून. तर हसला. राँग, आजोबा, राँग. तेवढं विंग्रजी मला येतंय. त्या दिसापासनं ह्यो म्हातारा फोन उचलत न्हाई.”

त्या मंडपात मी एका माणसाचा आकडा चुकीचा ठरवला होता आणि मला वाटलं होतं, त्यात पणाला लागलंय ते फक्त माझंच.

“बापूसाहेब, तुम्ही चुकला नाहीत,” मी म्हणाले. “तुमचं मोजमाप बरोबर होतं. चौकोनाचा चारच येतो. चारी बाजू सारख्या असतील तर कुठल्याही चौकोनाचा, लहान असो की मोठा.”

त्यांनी मान वर केली. “नेमका?”

“नेमका. वर चिल्लर नाही.”

“अमेरिकेतल्या चौकोनाचा बी?”

“तिथल्याही.”

“म्हंजे त्याचा गोल, त्याचं बी बरोबर. आमचा चौकोनी, आमचं बी बरोबर.”

“हो. आणि तुमची विहीर त्याच्या बाजूची.”

हे ऐकल्यावर ते हसले. तोंडात पुढचे दात कमी होते, पण हसणं मोठं होतं. “मग पोरगं लांब न्हाई म्हणायचं,” ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून वर मला सांगितलं की बेदाण्याच्या शेडमधल्या गंधकाच्या धुरीनं हल्ली त्यांच्या डोळ्यांना फार पाणी येतं. त्या दिवशी शेड बंद होती.

त्यांनी फोन काढला. तिकडं आता रात्र असेल, मी म्हणाले. “उठू दे की त्याला,” म्हणून त्यांनी लावलाच. पलीकडून एक झोपाळलेला चेहरा दिसला, अंगावर पांघरूण. बापूसाहेबांनी फोन माझ्या हातात दिला, विहिरीकडं रोखायला सांगितला, आणि एक हात लांब करून कठड्याच्या भोवतीनं चालायला लागले. पूर्ण फेरी मारली. मग मधून बोट फिरवलं. मग तीन बोटं वर केली आणि चौथं जरासंच वाकडं केलं, चिल्लर म्हणून. पलीकडचं पोरगं खडबडून उठून बसलं आणि त्यानंही पडद्याजवळ आणून तीन बोटं दाखवली. चौथं वाकडं. दोघंही एकमेकांकडं बघत राहिले, आणि या वेळी फोन कुणी काढून घेतला नाही.

मला घरी पोचवायला त्यांनी जीप सांगितली होती; तिथपर्यंत सोडायला आल्यावर त्यांना आठवलं. “आन् तुमचा तो कायम करायचा कागद. सोमवारी आणा, सही करतो.”

“आणि साडूंचा मुलगा?” माझ्या तोंडून गेलंच.

“त्याला इचारलं मी, चार बरोबर हाय का म्हणून. लगीच म्हणला, व्हय बापूसाहेब, एकदम बरोबर.” त्यांनी जीपचं दार उघडून धरलं. “म्हटलं, जा बाबा घरी.”

भिंत त्यांनी पुसू दिली नाही. लिहिलेलं पुसलं तर गाव हसेल, आणि शिवाय चार काही खोटा नव्हता. त्याऐवजी शिवा पेंटरला परत बोलावलं आणि काय वाढवायचं ते स्वतः उभं राहून सांगितलं. बापूसाहेब आता नाहीत. मी त्याच शाळेत आहे, दर चौदा मार्चला नूरभाईंचा मुलगा चौकोनी पत्रा घेऊन येतो आणि फळ्यावरच्या π ला हार पडतो. नवीन आलेले शिक्षक पहिल्या दिवशी भिंत वाचतात आणि मला बाजूला घेऊन विचारतात, हे रंगवून टाकायचं का? मी सांगते, राहू द्या, गणित बरोबर आहे.

वरची ओळ आहे तशीच आहे: तासगावचा पाय = ४. खाली शिवाच्या बारीक अक्षरात लिहिलंय: हा चौकोनी. गोल असल्यास ३.१४. विहीर व अमेरिका, दोन्हीकडे लागू.